चिंचोके न टाकता

आपला शब्द शेवटचा असावा, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. ही खोड चांगली नाही हे मला ठाऊक आहे. घरच्यांनी ते इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यांनी सांगणंही सोडून दिलंय. पण या खोडीपायी मी एकदा जे केलं ते आजवर कुणापाशी बोललेले नाही.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता. खर्ड्यापासून चार मैलांवर आमचं गाव. लागोपाठ पावसाळे कोरडे गेलेले, विहिरीचा तळ उघडा पडलेला, बैल छावणीत, आणि आम्ही सगळे दुष्काळी कामावर. पुरुष तलावाच्या बांधावर माती टाकायला आणि आम्ही बाया रस्त्याकडेला खडी फोडायला. बावीस एकरांच्या घरातल्या आम्ही दोघी सुना, मी आणि माझी थोरली जाऊ भागिरथी. पहिले आठ दिवस मी पदर नाकापर्यंत ओढून बसायचे. गावच्या वाटेवरून कुणी गेलं की मान आणखी खाली घालायचे. काम करताना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं आणि काम धड येतही नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी अंगठा ठेचून घेतला. शेजारच्या ढिगावर राहीबाई बसली होती. आमच्या रानात ती खुरपणीला, काढणीला यायची, म्हणून ओळख होती. तिचं घर गावाबाहेरच्या वस्तीत. तिच्या माणसांनी सोळा-सतरा वर्षांमागे बौद्ध धर्म घेतला होता, देव्हाऱ्यातले जुने देव काढून टाकले होते. गावानं मात्र त्यांच्यासाठीचे आपले जुने नियम काही काढून टाकले नव्हते. राहीबाईनं माझा अंगठा पाहिला, आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी टर्रकन फाडून माझ्यापुढे टाकली आणि दुसऱ्या चिंधीचं कडं कसं वळायचं ते दाखवलं.

"वैनी, दगुड हातानं धरायचाच न्हाई. ह्या कड्यात ठिवायचा. आन् हातुडीवर जोर काढू नगा, ती तिच्या वजनानं पडती."

तिच्यामुळे मी खडी फोडायला शिकले. संध्याकाळी मुकादम ढीग मोजायला आला की माझा ढीग तिच्या अर्ध्यानं भरायचा. दोन आठवड्यांनी तो पाऊणपट भरायला लागला. तिचं मला कौतुक वाटायचं, आणि तिला आपलं कौतुक वाटावं असंही वाटायचं.

कामावर पाण्याची दोन पिंपं होती. टँकर एकच यायचा, पाणी एकच, पिंपं मात्र दोन. एक आमच्या बाभळीखाली, दुसरं पलीकडच्या कडुलिंबाखाली, त्यांचं. तपासणीला आलेला सरकारी साहेब एकच पिंप ठेवा म्हणून बजावून गेला होता. त्याची जीप वळणाआड गेली आणि दुसरं पिंप आलं. ते कुणी आणलं हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

पहिल्याच आठवड्यात एक दिवस टँकर आला नाही. आमचं पिंप कोरडं पडलं. बाराच्या उन्हात माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ढिगाच्या आडोशाला कलंडले. राहीबाईनं घरून आणलेला जर्मलचा तांब्या उचलला आणि वरून धार धरायला ती वाकली. मला तेवढा धीर नव्हता. मी तिच्या हातातून तांब्या ओढून घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा अर्धा रिकामा केला. कुणी पाहिलं नव्हतं. आक्का, म्हणजे माझी जाऊ, तिकडे पाठमोरी बसली होती.

"कुनाला बोलू नगा, वैनी," राहीबाई म्हणाली. "उगं तुमाला तरास हुईल."

तांब्या तिचा, पाणी तिचं, आणि गप्प राहायचं कसं हे तीच मला समजावत होती. मला तेव्हा तिचा समजूतदारपणा वाटला. मी तोंड पुसलं आणि जागेवर जाऊन बसले.

दुपारी मुकादमाची शिट्टी झाली की तासभर सुट्टी असायची. रेशनवरच्या मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी घशाखाली ढकलायची आणि बाभळीखाली पडून राहायचं. आमच्यात कडूबाई नावाची साठीची धनगरीण होती. तिची मेंढरं विकली गेली होती, एक शेळी उरली होती तीही मेली होती. जिभेला हाड नाही आणि मनात पाप नाही अशी बाई. एक दिवस ती म्हणाली, "ह्या जिल्ह्यात पानी म्हनून हाय तरी कुटं?"

"अकोले तालुक्याच्या डोंगरात," मी म्हणाले. "भंडारदऱ्याला धरण हाय. तिथलंच पाणी आमच्या कोल्हारला प्रवरेत येतं."

कोल्हार माझं माहेर. लग्नाआधीची सोळा वर्षं मी प्रवरेच्या काठावर काढलेली, सातवी शिकलेली, आणि खर्डा ते कोल्हार हा रस्ता मोटारीनं चारदा पाहिलेली. तिथं बसलेल्या बायांपैकी जामखेडच्या पुढे कुणी गेलं नव्हतं.

"चालत गेलं तर किती दिस लागतील?" कडूबाई म्हणाली.

"चला की, जाऊन बघू," मी म्हणाले. "मी वाट सांगते. तुमी चालायचं."

खेळ असा सुरू झाला. कडूबाईच्या कनवटीला भाजून खायला चिंचोके असायचे. त्यातले दोन मी दगडावर घासून फोडले. चार फोडी झाल्या, एका बाजूनं पांढऱ्या, दुसऱ्या बाजूनं काळ्या. मी सांगायचं की आता पुढे काय आहे, ओढा आहे, चोर आहे, वाट फुटली आहे. ज्या बाईची पाळी तिनं सांगायचं की मी काय करते. मग चिंचोके टाकायचे. तीन-चार पांढरे पडले तर जमलं, दोन पडले तर अर्धंमुर्धं, त्याखाली पडले तर गोत्यात. आणि गोत्यात म्हणजे नेमकं काय, ते मी ठरवायचं.

प्रत्येकीनं आपण कोण ते सांगायचं होतं. आक्का म्हणाली, "मी सरदाराची बायको. घोडीवर बसून." कडूबाई म्हणाली, "माजी शेळी संगं घेती. जिती." राहीबाई सावलीच्या कडेला, आमच्यापासून हातभर अंतर राखून बसली होती. तिला खेळायला मीच बोलावलं होतं. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "मी राहीबाईच. फकस्त पायात चपला हायेत."

आम्ही सगळ्या हसलो. ती पण हसली. खडीच्या कपऱ्यांनी तिच्या टाचा चिरल्या होत्या.

चिंचोके चौघींच्या हातांतून फिरायचे. त्यांना विटाळ होत नव्हता. राहीबाई टाकायची, मग तेच आक्का उचलायची.

भांडणं तर पहिल्या दिवसापासून. नगरच्या अलीकडे सीना नदी ओलांडताना आक्काचे तीन पांढरे पडले. मी म्हणाले, नदी पार झाली, पण घोडी वाजवीपेक्षा जास्त पाणी प्याली, आता ती बसली, उठत नाही. आक्का तडकली. "तीन पडलं म्हंजे जमलं, आसं तूच म्हनली हुतीस." मी म्हणाले, "नदी जमली. घोडीचं कुठं म्हणाले?" दोन दिवस ती माझ्याशी घरीही बोलली नाही, भाकरी थापताना पाठ करून बसायची. त्याआधी कडा गावाच्या माळावर कडूबाईचा एकच पांढरा पडला आणि मी तिच्या शेळीवर लांडगा सोडला. म्हातारीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तिनं उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली. तेव्हा मला दुसऱ्या दिवशी शेळी एका बांधाआड सापडवावी लागली, कानाला थोडं लागलेलं, बाकी धडधाकट.

त्यावरून मोठी वादावादी झाली. एकीची घोडी बसते आणि दुसरीची शेळी मरून उठते, हा कुठला न्याय, असं आक्काचं म्हणणं. शेवटी मी दटावून सांगितलं, "रस्ता मी पाहिलाय. खेळवणारीचा शब्द शेवटचा. न्हाईतर तुमचं तुमी खेळा."

"बरं, शेवटचा तर शेवटचा," कडूबाई म्हणाली. "पन एक कबूल कर. चिंचोकं टाकल्याबिगर कुनाचं कायबी ठरवायचं न्हाई. त्यात तुजी मनमानी न्हाई."

ते मला पटलं. मी भाकरीवर हात ठेवून कबूल केलं. दुष्काळात भाकरीवर हात ठेवणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

राहीबाई कधी भांडायची नाही. ती विचारायची. "वैनी, ती वाट सांजंला कुठल्या अंगाला जाती?" "वैनी, त्या चोराच्या पायात काय हाय?" तिच्या विचारण्यानं मला न सुचलेल्या गोष्टी मला सुचायच्या आणि खेळ रंगायचा. नगरच्या वेशीत शिपायानं सगळ्यांना अडवलं, एकीचेही चिंचोके नीट पडेनात, तेव्हा तिनं विचारलं, "शिपाई कवापून उन्हात उबा हाय?"

"सकाळपासून."

"मंग मी त्याला पानी देती."

तिनं टाकले. चारी पांढरे. शिपाई पाणी प्याला आणि त्यानं वाट सोडली. आक्का म्हणाली, "त्या बिचाऱ्याला ठावं नसंल कुनाचं पानी ते." त्यावर बाया हसल्या, मी पण हसले. राहीबाई चिंचोके गोळा करत होती.

बाराव्या दिवशी आम्ही कोल्हारला पोचलो.

त्या दिवसाची मी आठवडाभर वाट पाहत होते. सकाळपासून हातोडी चालवताना मनात जुळवाजुळव चालली होती. सुट्टी झाल्यावर मी नीट मांडी घालून बसले आणि त्यांना माझं माहेर दाखवायला घेतलं. नदीवरचा पूल, काठावरचं देऊळ, उसाचे हिरवेगार फड, पाटाच्या पाण्याचा आवाज. मग आमची वस्ती, दारातलं शेवग्याचं झाड आणि आमची विहीर. वर्षभर आटत नाही अशी, पायऱ्यांची, कडेला दगडी कुंडी असलेली. बाया इतक्या गप्प ऐकत होत्या की कडूबाईची तोंडातली मिसरी थुंकायचीही राहून गेली. मला फार बरं वाटत होतं. दोन महिने मान खाली घालून बसलेली मी त्या तासाला पुन्हा कुणाची तरी लेक होते.

"माझी आई गीताबाई दारात आली," मी सांगत होते. "म्हणाली, दमून आल्या गं पोरी. आधी पाणी घ्या. आक्का, तू विहिरीच्या पायऱ्या उतरून तोंड धुतलंस. कडूबाई ओंजळीनं प्याली, शेळीनं कुंडीत तोंड घातलं. राहीबाई, तू तिकडं गोठ्याकडं जरा थांब, आई येऊन तुला वरून वाढंल."

मी हे मुद्दाम म्हणाले नाही. देवाशपथ मुद्दाम म्हणाले नाही. आमच्या घरी तसंच होतं आणि मी घर दाखवत होते. गोठ्याच्या कोपऱ्यातली ती जागाही माझ्या डोळ्यांपुढे होती, तिथं बसायला ठेवलेला चपटा दगडसुद्धा. मी पुढे आईच्या हातच्या लाडवांचं सांगायला लागले, तेव्हा कुणी ऐकत नाही असं माझ्या ध्यानात आलं.

राहीबाई माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. नेहमीसारखी, काही विचारायचं असल्यासारखी.

"वैनी, ह्ये चिंचोकं न टाकता ठरलं," ती म्हणाली.

मी पुढ्यातले चिंचोके मुठीत घेतले.

"नदीला टाकलं. लांडग्याला टाकलं. शिपायाला टाकलं," ती म्हणाली. "हितं मी टाकलंच न्हाईत. मला टाकू तर द्या."

तिनं फक्त हात पुढे केला होता. चिंचोके माझ्या मुठीत होते. ते तिच्या हातावर ठेवायचे, एवढंच करायचं होतं. तीन पांढरे पडले असते तर आईनं तिला पायऱ्यांवरून नेलं असतं, नसते पडले तर नसतं नेलं, आणि दोष चिंचोक्यांचा झाला असता. पण आक्का माझ्याकडे पाहत होती. आजूबाजूच्या ढिगांवरच्या चार बाया मान वळवून पाहत होत्या. माझ्या माहेरच्या विहिरीवर राहीबाईला उतरू द्यायचं की नाही हे मी चिंचोक्यांवर सोडलं, ही बातमी संध्याकाळी माझ्या सासूच्या कानावर गेली असती. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. तिनं मला सगळ्यांसमोर अडवलं याचा मला राग आला होता. आक्का भांडली तेव्हा आला नव्हता इतका. राहीबाईनं मला अडवावं हेच मला सहन झालं नाही.

"घरच्या रिवाजाला चिंचोके लागत न्हाईत," मी म्हणाले. "तिथं हाय ते हाय. मी काय खोटं सांगू?"

"टाकू दे की गं तिला," कडूबाई म्हणाली. "भाकरीवर हात ठिवला हुतास."

"खेळवणारीचा शब्द शेवटचा."

राहीबाईनं हात मागे घेतला. ती शांतपणे म्हणाली, "वैनी, आक्कासाबांची घोडी खोटी. कडूबाईची मेल्याली शेळी जिती. माज्या पायात चपला. येवढं समदं खोटं चालतंय, आन् पानी तेवढं खरं पायजे व्हय?"

उत्तर नसलं की मी काय करते ते माझ्या घरच्यांना विचारा.

"खेळायचं तर खेळ," मी म्हणाले, "न्हाईतर ऊठ इथून."

ती उठली. लुगड्याला लागलेली माती झटकली आणि लिंबाकडे गेली. जाताना ती एक शब्द बोलली असती तर मी संपले असते. "वैनी, माज्या तांब्याला तोंड लावलं तवा रिवाज कुटं हुता," एवढं ती म्हणू शकली असती. सगळ्यांसमोर, आक्कासमोर. मी मूठ आवळून त्याची वाट पाहत बसले होते. ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या ढिगावर नेहमीसारखी बसली. माझ्या कड्याची चिंधी सुटली तेव्हा तिनं खूण करून दाखवली. पण शिट्टी झाल्यावर ती लिंबाखाली गेली. आमचा खेळ कोल्हारच्या पुढे सरकला नाही. आक्का म्हणाली, आज नको, ऊन फार आहे. कडूबाई झोपल्याचं सोंग घेऊन पडली. तिसऱ्या दिवशी कडूबाई उठून चक्क लिंबाखाली जाऊन बसली. म्हातारीला कोण काय बोलणार. तिकडून हसण्याचा आवाज यायला लागला. आणि मग मला दिसलं की राहीबाई मधे बसली आहे, भोवती सात-आठ बाया आहेत, आणि तिच्या पुढ्यात घासलेले चिंचोके आहेत.

ती त्यांना कोल्हारपासून पुढे नेत होती. संगमनेर, अकोले, राजूर. तिनं तो मुलूख कधी पाहिला नव्हता. पण कोल्हारच्या पुढचं मी तरी कुठं पाहिलं होतं? भंडारदऱ्याची मी इतकी ऐट केली, पण ते धरण मी फक्त शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. हे मी त्या बायांना कधी सांगितलं नव्हतं. बाभळीखाली एकटी पडून मी तिकडचं हसणं ऐकायचे आणि माझा जळफळाट व्हायचा. रात्री अंथरुणावर मात्र "ऊठ इथून" हे शब्द परत परत ऐकू यायचे आणि मी कूस बदलायचे.

आठवड्यानं मी तिची माफी मागायचं ठरवलं. काय बोलायचं ते तीन दिवस घोकलं. शिट्टी झाली तशी मी उठले आणि लिंबाकडे चालू लागले. मागे पावलं वाजली म्हणून पाहिलं तर आक्का येत होती. "मीबी येती," ती म्हणाली, "बघू तर काय चाललंय." तिला नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं.

लिंबाखालच्या बाया आम्हाला पाहून गप्प झाल्या. राहीबाईनं सरकून जागा केली. घोकलेलं सगळं आक्का शेजारी बसल्याबरोबर तसंच राहिलं. मी एवढंच म्हणाले, "मला घेता का खेळायला?"

"या की," राहीबाई म्हणाली. "तुमी कोन?"

"मी मुक्ताच."

तिनं मान डोलावली आणि खेळ पुढे चालू केला. राजूरच्या पुढचा चढ होता. ती माझ्यापेक्षा चांगली खेळवत होती. प्रत्येकीला आधी विचारायची, कुणी अडवलं तर थांबायची, "तुज्या मतानं काय व्हाया पायजे?" म्हणायची, आणि मग चिंचोके द्यायची. कुणी तिच्याशी भांडत नव्हतं, आणि तिला शेवटचा शब्दही लागत नव्हता. माझी पाळी आली. चढावर माझी घागर निसटत होती. मी टाकले. एकच पांढरा.

"घागर फुटली," ती म्हणाली. "पानी सांडलं. ऊन लई हाय, वैनी. घसा वाळलाय. फुडं चार घरं दिसत्यात. आमच्याच मानसांची. त्यातलं एक माज्या मावशीचं. मावशी तांब्या घिऊन दारात आली."

ती थांबली.

"पिता का?"

मी घाईघाईनं चिंचोके उचलायला हात घातला. तिनं त्यांच्यावर आपला तळवा ठेवला.

"ह्याला चिंचोकं न्हाईत," ती म्हणाली. "ह्ये तुमीच सांगायचं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी फणकाऱ्यानं उठून गेले असते आणि सुटले असते. ती मला वाट करून देत होती. माफी मला बोलता येत नाही हे तिनं ओळखलं होतं आणि एका शब्दात बसेल इतकी ती सोपी करून दिली होती. "पिते" म्हणायचं, बस्स. खरं पाणी नव्हतं, खरी मावशी नव्हती, खरा तांब्या नव्हता. खऱ्या तांब्याला मी तोंड लावून मोकळी झाले होते, आणि ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

कडूबाई माझ्याकडे पाहत होती. त्या सात-आठ बाया पाहत होत्या. आणि डाव्या हाताला आक्का होती. तिनं काही केलं नाही, फक्त पदर सावरला आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बसली.

मी तोंड उघडलं. मला आठवतंय, ओठ हलले. घसा खरंच वाळला होता.

शिट्टी झाली.

त्या मुकादमाला मी एरवी शिव्या द्यायचे की मेला तासातली पाच मिनिटं खातो. त्या दिवशीही त्यानं खाल्ली असणार. त्या शिट्टीवर लिंबाखालची एकही बाई लगेच हलली नाही. सगळ्यांत आधी मी उठले. "चला, उशीर होईल," असंही म्हणाले. ढिगाकडे येताना मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच मला आज सगळ्यांत जास्त लाज वाटते.

"बरं झालं वाजली," आक्का चालता चालता म्हणाली. "कायबी विचारती ती बाई."

मी "हो ना" म्हणाले.

दोन दिवसांनी कडूबाई माझ्या ढिगापाशी टेकली. म्हणाली, काल आम्ही भंडारदऱ्याला पोचलो. धरण केवढं ते राहीनं असं सांगितलं की अंगावर काटा आला. सगळ्या पोटभर प्याल्या, शेळीसुद्धा प्याली. मी हातोडी खाली ठेवली नाही. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आन् माझं काय झालं?"

"तुजं कुटं काय झालं? तू त्या दारातच उबी हायेस," कडूबाई म्हणाली. "मी म्हनलं राहीला, टाक चिंचोकं तिच्या वतीनं आन् ने फुडं. तर म्हनली, न्हाई, वैनीचं वैनींनीच सांगायचं. सांगतील तवा त्यास्नी फुडं घिऊ."

शेजारच्या ढिगावर राहीबाई खडी फोडत होती. तिला हे ऐकू जात होतं. ती हातोडी उचलत होती आणि तिच्या वजनानं पडू देत होती.

काम पुढे आणखी दोन महिने चाललं. दुपारच्या सुट्टीत लिंब माझ्यापासून चाळीस पावलांवर होता. मी तिथं गेले नाही.